खोकल्याच्या औषधात विष कसं येतं, आणि जबाबदारी कुठे हरवते

सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातून लहान मुलं एकामागून एक नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. छिंदवाड्याच्या लोकांना मोठ्या दवाखान्यासाठी भोपाळपेक्षा नागपूर जवळ पडतं. मुलं बहुतेक परासिया आणि आसपासच्या गावांतली, पाच वर्षांच्या आतली. सुरुवात सगळ्यांची सारखीच होती. सर्दी, ताप, खोकला. जवळच्या डॉक्टरांनी पातळ औषध लिहून दिलं. काही दिवसांत मुलांची लघवी बंद झाली, उलट्या सुरू झाल्या, अंगावर सूज आली. मूत्रपिंडं निकामी झाली होती. डायलिसिस करूनही वीसपेक्षा जास्त मुलं वाचली नाहीत.

औषधाचं नाव कोल्ड्रिफ, बॅच क्रमांक एसआर-१३. तामिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यातल्या श्रीसन फार्मास्युटिकल या छोट्या कारखान्यात ते बनलं होतं. तामिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने नमुने तपासले तेव्हा त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. चालणारी मर्यादा आहे ०.१ टक्का. म्हणजे बाटलीत जवळजवळ निम्मं विष होतं.

अशी बातमी आली की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘माणसांत नीतिमत्ताच उरलेली नाही.’ संताप खरा असतो. पण या वाक्याने पुढचं काहीच कळत नाही, नेमकं काय बिघडलं आणि कुठे दुरुस्त करायचं ते दिसत नाही. मुलं मारायची असं ठरवून कुणी हे औषध बनवलं असेल, असं मला वाटत नाही. आणि मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते हेच. कुणीही राक्षस नसताना वीस-बावीस मुलं मरू शकतात, आणि साखळीतला प्रत्येक माणूस ‘मी माझं काम केलं’ असं सांगू शकतो. हे कसं होतं, ते नीट उलगडून पाहू.

आधी विषाबद्दल. पातळ औषध म्हणजे पाण्यात विरघळवलेली गोळी नव्हे. पॅरासिटामॉलसारखी औषधं नुसत्या पाण्यात पुरेशी विरघळत नाहीत. त्यासाठी प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सॉर्बिटॉल असे दाटसर, गोडसर पदार्थ लागतात. औषधी दर्जाचे हे पदार्थ सुरक्षित आहेत. पण त्यांचाच औद्योगिक दर्जाचा मालही बाजारात मिळतो आणि तो स्वस्त असतो. डायएथिलीन ग्लायकॉल हा त्यांचा दिसायला सख्खा भाऊ. ब्रेक ऑइल, गाड्यांचं कूलंट, शाई, रंग, रेझिन यांत तो वापरतात. तोही रंगहीन, दाट, गोड. दोन पिंपं शेजारी ठेवली तर डोळ्यांनी किंवा वासाने फरक कळत नाही. म्हणून एखादा व्यापारी पैसे वाचवायला भेसळ करतो, कुठे पिंपावरचं लेबल बदलतं, कुठे औद्योगिक माल सरळ औषधात ओतला जातो.

डायएथिलीन ग्लायकॉल पोटात गेलं की यकृतात त्याचं डायग्लायकॉलिक आम्ल बनतं आणि ते मूत्रपिंडांच्या पेशींत साठत जातं. हे लगेच दिसत नाही. मूल औषध घेतं, तापही उतरतो, आईवडील निर्धास्त होतात. नंतर उलट्या सुरू झाल्या की सगळ्यांना वाटतं मूळचा आजारच वाढला. छिंदवाड्यातही आधी मेंदूज्वर, दूषित पाणी, उंदरांमुळे होणारा संसर्ग अशा शंका तपासल्या गेल्या. औषधावर संशय येईपर्यंत दिवस निघून जातात, आणि त्या दिवसांत तीच बाटली दुसऱ्या घरांतही उघडली जात असते.

हे विष नवं नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या मॅसेंगिल कंपनीने सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचं औषध पातळ स्वरूपात आणलं. मुख्य रसायनज्ञाने ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलं, रासबेरीचा स्वाद घातला, आणि रंग, चव, वास तपासून माल बाजारात गेला. ते विषारी आहे का हे कुणी पाहिलं नाही. शंभराहून जास्त माणसं मेली, त्यांत बरीच मुलं होती. बनवलेल्या २४० गॅलनपैकी २३४ गॅलन औषध सरकारी निरीक्षकांनी दारोदार फिरून परत मिळवलं. इतके मृत्यू झाले ते उरलेल्या सहाएक गॅलनमुळे.

कंपनीचे मालक डॉ. सॅम्युअल मॅसेंगिल यांनी तेव्हा जे सांगितलं ते आजही जसंच्या तसं ऐकू येतं. आम्ही डॉक्टरांची रास्त मागणी पुरी करत होतो, असं काही होईल याची कल्पना नव्हती, आमच्याकडे कसलीही जबाबदारी येते असं मला वाटत नाही. कायद्याच्या दृष्टीने त्यांचं फारसं चुकतही नव्हतं, कारण विकण्याआधी औषध सुरक्षित आहे का हे तपासायची सक्तीच तेव्हा नव्हती. खटला चालला तो ‘एलिक्सिर सल्फानिलामाइड’ या नावावरून. ‘एलिक्सिर’ म्हटलं की त्यात अल्कोहोल असायला हवं होतं आणि ते नव्हतं. दंड झाला २६,१०० डॉलर. दुसरं काही नाव छापलं असतं तर सरकारला माल जप्त करायलाही आधार उरला नसता. रसायनज्ञाने पुढे आत्महत्या केली. १९३८ मध्ये अमेरिकेने कायदा बदलला.

व्यवसायातली नैतिकता कायद्यापेक्षा वेगळी का, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. कायदा विचारतो, नियम मोडला का? नैतिक जबाबदारी विचारते, तुमच्या हातून गेलेल्या वस्तूचं पुढे काय होणार हे तुम्ही पाहिलं का? दोन्ही प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा एकच येतात, म्हणून फरक लक्षात येत नाही. ती वेगळी येतात तेव्हा माणसं मरतात.

आपल्या मुंबईत हेच १९८६ मध्ये घडलं. जे. जे. रुग्णालयात मेंदूतला आणि डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी रुग्णांना ग्लिसरीन द्यायचे. जानेवारी-फेब्रुवारीत असे १४ रुग्ण मूत्रपिंडं बंद पडून दगावले. ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला गेला. ज्यांनी तेव्हाची वर्तमानपत्रं वाचली आहेत त्यांना ते दिवस आठवत असतील. आयोगापुढे उलगडत गेलं ते एका गुन्हेगाराचं कारस्थान नव्हतं, ती अनेक टेबलांवरची बेफिकिरी होती. माल घेणाऱ्यांनी दर्जा पाहिला नाही, रुग्णालयात तपासणी झाली नाही, अन्न व औषध प्रशासनातला भ्रष्टाचार बाहेर आला, वरच्या राजकीय हस्तक्षेपावर आयोगाने कडक ताशेरे ओढले. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला. इतका स्पष्ट अहवाल आपल्या राज्यात क्वचितच लिहिला गेला असेल.

आणि तरी हे थांबलं नाही. १९९८ मध्ये गुरगाव, २०२० च्या सुरुवातीला जम्मूतलं रामनगर, २०२२ मध्ये गांबिया आणि उझबेकिस्तान. शेवटच्या दोन ठिकाणी मेलेल्या मुलांचा संबंध भारतात बनलेल्या पातळ औषधांशी जोडला गेला. कंपन्यांनी आरोप नाकारले, वाद झाले, प्रकरणं न्यायालयांत गेली. विष मात्र प्रत्येक ठिकाणी तेच किंवा त्याच्याच कुळातलं होतं.

आता मुख्य मुद्दा. जबाबदारी हरवते कुठे? एका लहान कारखान्याच्या दारात उभं राहून पाहू.

टेम्पो येतो, निळं पिंप उतरतं. पिंपासोबत एक कागद असतो, सर्टिफिकेट ऑफ ॲनालिसिस. धंद्यात त्याला नुसतं ‘सीओए’ म्हणतात. त्यावर लिहिलेलं असतं, शुद्धता अमुक टक्के, अशुद्ध घटक मर्यादेत, खाली सही-शिक्का. स्टोअरचा माणूस कागद पाहतो, पिंपावरचं नाव पाहतो, रजिस्टरमध्ये नोंद करतो. कायद्याने इथे एक काम राहिलेलं असतं. पिंपातून नमुना काढायचा, प्रयोगशाळेत स्वतः तपासायचा, आणि मगच माल उत्पादनाला सोडायचा. अचूक मोजणीला गॅस क्रोमॅटोग्राफी लागते. ते यंत्र महाग. पण थिन लेयर क्रोमॅटोग्राफी ही स्वस्त चाचणी आहे आणि ती बऱ्यापैकी इशारा देते. बाहेरच्या प्रयोगशाळेतही नमुना पाठवता येतो. त्याला काही हजार रुपये आणि काही दिवस लागतात.

तेवढ्यात वरून फोन येतो, माल कधी निघतोय? स्टॉकिस्ट थांबलाय. पावसाळा संपत आलेला असतो, सर्दी-खोकल्याचा सीझन तोंडावर असतो. तपासणाऱ्या केमिस्टची नोकरी मालकाच्या हातात असते. आजवर आलेली सगळी पिंपं ठीक निघालेली असतात. आणि कागद समोर असतोच. मग हात आपोआप सहीकडे जातो. हे एकदा झालं की पुढच्या वेळी सोपं जातं, आणि काही महिन्यांत ‘सीओए आहे ना?’ हीच चाचणी होऊन बसते. श्रीसनच्या कारखान्याची पाहणी झाली तेव्हा अधिकाऱ्यांनी साडेतीनशेहून जास्त त्रुटी नोंदवल्या. एवढ्या त्रुटी एका रात्रीत जमत नाहीत. रोज थोडं थोडं चालवून घेतल्याशिवाय तिथवर पोचता येत नाही.

कागद किती लांबचा प्रवास करू शकतो ते २००६ मध्ये पनामात दिसलं. चीनमधल्या एका कारखान्याने डायएथिलीन ग्लायकॉल असलेली ४६ पिंपं ग्लिसरीन म्हणून विकली. ती बीजिंगच्या व्यापाऱ्याकडून बार्सिलोनाच्या व्यापाऱ्याकडे आणि तिथून पनामात पोचली. सोबतचा कागद ९९.५ टक्के शुद्धता सांगत होता. प्रत्येक मुक्कामी कागद नव्याने टाइप झाला, मूळ कारखान्याचं नाव त्यातून गळालं, आणि तीन खंड ओलांडून आलेल्या पिंपांचं झाकण उघडून कुणीच तपासणी केली नाही. शेवटी एका सरकारी औषध-विभागाने त्यातून खोकल्याचं औषध बनवलं. शंभराहून जास्त माणसं मेली.

यातल्या कुठल्याही एका माणसाला विचारा. व्यापारी म्हणेल, मी पिंप उघडतही नाही, मी फक्त पुढे देतो. कारखानदार म्हणेल, पुरवठादाराने फसवलं. वितरक म्हणेल, सीलबंद बाटली आली, तशीच पुढे दिली. मेडिकलवाला म्हणेल, चिठ्ठीवर होतं ते दिलं. यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. जबाबदारीचे इतके लहान तुकडे झालेले असतात की कुणाच्याच तुकड्यात आख्खं मूल दिसत नाही. आजच्या मोठ्या, लांबलचक व्यवहारांत नैतिकतेला लागलेली कीड ती ही आहे, असं माझं ठाम मत आहे. पूर्वीची माणसं फार सज्जन होती आणि आजची बिघडली, असं मला वाटत नाही. पूर्वी गावातला वैद्य काढा उकळायचा आणि पिणारा समोर बसलेला असायचा. आज बनवणारा कांचीपुरममध्ये आणि पिणारा परासियात असतो. मधल्या अंतरात लाज, भीती, माया सगळंच पातळ होतं. त्या भावनांचं काम आपण सही-शिक्क्यांवर सोपवलं, आणि सही-शिक्क्यांना ते जमत नाही.

डॉक्टरांबद्दल वेगळं बोलावं लागेल, कारण परासियात सगळ्यात आधी अटक झाली ती औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना. त्यावर इंडियन मेडिकल असोसिएशनने संताप व्यक्त केला, आणि तो बराचसा योग्य होता. बाटलीत काय मिसळलंय हे डॉक्टरला कसं कळणार? भेसळीचं खापर त्यांच्या डोक्यावर फोडणं हे कारखाना आणि नियंत्रक या दोघांनाही सोयीचं आहे. पण दुसरा एक प्रश्न डॉक्टरांनी स्वतःला विचारायलाच हवा. कोल्ड्रिफमध्ये असलेलं क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन हे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापायचा आदेश केंद्राने २०२३ च्या अखेरीस काढला होता. लहान मुलांचा बहुतेक खोकला आपोआप बरा होतो, हे वैद्यकशास्त्राला जुनंच माहीत आहे. तरी पातळ औषध लिहिलं जातं. कारण आईवडिलांना बाटली हवी असते, औषध कंपनीचा प्रतिनिधी (एमआर) येऊन गेलेला असतो, आणि ‘काही नको, वाफ द्या, पाणी पाजा’ हे समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात. इथे आपलाही वाटा आहे. औषध न देणारा डॉक्टर आपल्याला बिनकामाचा वाटतो.

सरकारच्या बाजूला एक गोष्ट आहे जी मला मान्यच होत नाही. गांबियानंतर जगभर नाचक्की झाली, म्हणून केंद्राने १ जून २०२३ पासून खोकल्याची औषधं निर्यात करण्याआधी सरकारी किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल सक्तीचा केला. निर्णय चांगलाच होता. पण देशातल्या देशात विकल्या जाणाऱ्या त्याच औषधांना ही बाहेरची चाचणी लागू केली नाही. इथे भरवसा कारखान्याने स्वतः केलेल्या तपासणीवरच राहिला. बाहेर जाणारी बाटली तपासून जायची, आणि छिंदवाड्याला येणारी कारखान्याच्या शब्दावर यायची. हा निर्णय घेताना कुणाच्या मनात मुलांबद्दल वाईट भावना नव्हती, हे मी मान्य करतो. पण निर्यात बुडण्याची भीती आणि आपल्या मुलांची काळजी यांत पहिली जास्त वजनदार ठरली, हे उघड आहे.

कायद्यात शिक्षा कडक आहे. भेसळयुक्त औषधाने मृत्यू झाला तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार किमान दहा वर्षं ते जन्मठेप. पण ती मृत्यूनंतरची गोष्ट. मृत्यूच्या आधीच्या पायरीवर, म्हणजे औषध दर्जाला उतरलं नाही अशा प्रकरणांत, २०२३ च्या जनविश्वास कायद्याने दंड भरून तडजोड करायची सोय करून दिली. उद्योगाला छोट्या तांत्रिक चुकांसाठी तुरुंगाची भीती नको, हा त्यामागचा युक्तिवाद. मला तो औषधांच्या बाबतीत पटत नाही. दर्जाला न उतरलेली पहिली बॅच हीच तर धोक्याची घंटा असते, आणि तिचा हिशेब दंडाच्या पावतीने मिटवला की ती खर्चाच्या रकान्यात जाऊन बसते.

या सगळ्यात जबाबदारीने वागलेली माणसंही आहेत, आणि त्यांच्याकडे पाहिलं की गोष्ट किती साधी असू शकते ते कळतं. मध्य प्रदेशाने १ ऑक्टोबरला कळवल्यानंतर तामिळनाडूच्या अधिकाऱ्यांनी सुट्टीचे दिवस असूनही कारखाना गाठला, नमुने घेतले आणि झटपट अहवाल दिला. त्याआधीच्या नियमित पाहण्यांत त्याच राज्यात काय होत होतं हा प्रश्न उरतोच, पण हे काम झालं हेही खरं.

१९३७ च्या त्या अमेरिकन विषाचा शोध लावणाऱ्या शिकागोच्या प्रयोगशाळेत फ्रान्सिस केल्सी नावाची एक तरुण विद्यार्थिनी होती. पुढे १९६० मध्ये ती अमेरिकेच्या औषध प्रशासनात रुजू झाली, तेव्हा सुरुवातीलाच थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाची परवानगीसाठीची फाइल तिच्या टेबलावर आली. युरोपात ते औषध सर्रास विकलं जात होतं. कंपनीने पुन्हा पुन्हा तगादा लावला, वरिष्ठांकडे तक्रारी केल्या. तिने फक्त एवढंच म्हटलं की पुरावा अपुरा आहे, आणखी माहिती द्या. गरोदर बायकांनी ते घेतल्यामुळे युरोपात हजारो मुलं हातापायांच्या व्यंगांसह जन्माला आल्यावर जगाला कळलं की ती सही न करण्याने काय वाचलं होतं.

पनामातल्या एदुआर्दो आरियास या माणसाचं तर हे कामच नव्हतं. २००७ मध्ये राजधानीतल्या एका स्वस्त दुकानात टूथपेस्टच्या लेबलवर त्याला डायएथिलीन ग्लायकॉल हे नाव दिसलं. आदल्या वर्षीचे मृत्यू त्याला आठवले. त्याने ट्यूब विकत घेतली आणि आरोग्य खात्यात गेला. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठवलं, तरी तक्रार नोंदवूनच परतला. त्यानंतर अनेक देशांनी तसल्या टूथपेस्ट बाजारातून काढल्या. त्याच्याआधी त्या दुकानातून कितीतरी लोक तेच लेबल पाहून गेले असतील.

आपल्या हातात काय आहे? दोन वर्षांखालच्या मुलाला खोकल्या-सर्दीचं पातळ औषध नको, आणि पाच वर्षांपर्यंतही सहसा नकोच, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं आहे. डॉक्टरांना ‘औषधाशिवाय जमेल का?’ असं विचारायला लाजू नका. बिल मागून घ्या, बॅच क्रमांक त्यावर येतो का ते पाहा. औषध सुरू केल्यावर मुलाची लघवी कमी झाली किंवा उलट्या सुरू झाल्या तर बाटली फेकू नका. ती घेऊनच रुग्णालयात जा आणि अन्न व औषध प्रशासनाला (एफडीएला) कळवा. छिंदवाड्यात बाटलीवर संशय जायला जितके दिवस लागले, तितके पुन्हा लागू नयेत.

आणि मागणी करायची तर एकच करावी, असं मी म्हणेन. मुलांच्या प्रत्येक पातळ औषधाच्या प्रत्येक बॅचचा, कारखान्याबाहेरच्या प्रयोगशाळेने दिलेला अहवाल, विक्रीआधी सगळ्यांना पाहता येईल असा जाहीर व्हावा. त्यावर तपासणाऱ्याचं नाव असावं. निर्यातीच्या औषधांना बाहेरची चाचणी २०२३ पासून लावता आली, तर परासियाच्या आणि गडचिरोलीच्या मेडिकलमध्ये जाणाऱ्या बाटलीलाही लावता येईल.